प्रकल्प पुरस्कारांचा असेसर व्हावं का? तासगावच्या एका साइट इंजिनिअरला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे तासगावचे, सिव्हिल इंजिनिअर, बारा वर्षं उपसा सिंचन आणि पाणीपुरवठ्याच्या साइटवर काढलेली. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसनं विचारलंय की प्रकल्प व्यवस्थापन पुरस्कारांसाठी असेसरचं, म्हणजे अर्ज केलेले प्रकल्प तपासून गुण देणाऱ्या परीक्षकाचं, प्रशिक्षण घेणार का. मानधन नाही, रजा आपली, सगळा कारभार इंग्रजीत. "सर, तिथं नेमकं शिकवतात काय, माझ्यासारख्या साइटवरच्या माणसाला ते जमेल का, आणि एवढं करून पदरात काय पडतं?"

जमेल. खरं तर ऑफिसातल्या माणसापेक्षा तुम्हाला लवकर जमायला हवं. कागदावर एक आणि खड्ड्यात दुसरं कसं असतं, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही. पण साइटवरच्या माणसाची एक खोड असते. दुसऱ्याचं काम बघायला गेला की त्याला ते काम दिसतच नाही, "मी असतो तर कसं केलं असतं" तेवढं दिसतं. मॉडेल, गुण, तक्ते हे सगळं दोन दिवसांत कुणालाही येतं. ही खोड जायला मला दोन वर्षं लागली. मी सांगलीचा. नोकरी पंपगृहं, पाइपलाइन आणि पुढं कारखान्यांच्या विस्ताराच्या कामांत गेली, आणि गेली काही वर्षं असेसर म्हणून जातो. त्या भांडवलावर लिहितो आहे.

आधी हे पुरस्कार कुठल्या जातीचे ते सांगतो, कारण "पुरस्कार" म्हटलं की आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि ओळखीचा अध्यक्ष डोळ्यांपुढं येतो. जपाननं १९५१ साली गुणवत्तेसाठी डेमिंग पारितोषिक सुरू केलं, अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं बाल्ड्रिज पुरस्कार आला, युरोपात ईएफक्यूएम या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या संस्थेचं मॉडेल तयार झालं. आपल्याकडे मुंबईच्या आयएमसी चेंबरचा रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार बाल्ड्रिजच्या वळणाचा आहे, तर सीआयआय या उद्योगांच्या महासंघानं ईएफक्यूएमचं वळण घेतलं. हे सगळे पुरस्कार अख्ख्या संस्थेकडे बघतात. संस्था मात्र उद्याही तिथंच असते आणि प्रकल्प संपतो. टीम पांगते, कंटेनरमधलं साइट ऑफिस उचललं जातं. म्हणून जर्मनीतल्या प्रकल्प व्यवस्थापन संघटनेनं ईएफक्यूएमची विचारसरणी घेऊन फक्त प्रकल्पांसाठी वेगळं मॉडेल बांधलं, आणि २००२ पासून इप्मा ही आंतरराष्ट्रीय संघटना त्यावर आपला पुरस्कार देते. इप्माची भारतातली सदस्य संघटना म्हणजे पीएमए. तिचेही पुरस्कार आहेत आणि त्यांनाही असेसर लागतात. तुम्हाला आलेलं पत्र बहुधा याच वाटेवरचं असावं, म्हणून पुढचं सगळं याच मॉडेलला धरून सांगतो.

मॉडेलचे तीन भाग आहेत. पहिला माणसं आणि हेतू: नेतृत्व कसं होतं, उद्दिष्टं कशी ठरली, टीम, भागीदार आणि पुरवठादार कसे सांभाळले. दुसरा प्रक्रिया आणि साधनसामग्री. तिसरा निकाल: ग्राहक समाधानी आहे का, टीम समाधानी आहे का, बाकीचे संबंधित लोक समाधानी आहेत का, आणि शेवटी प्रकल्पानं जे साधायचं ते साधलं का. मिळून नऊ निकष, त्यांच्या पोटात उपनिकष, सगळ्याची बेरीज १००० गुण. एवढं पाठ करून ठेवा आणि पुढं चला, यात काही गूढ नाही.

आता प्रशिक्षण. दोन दिवसांचं असतं. आधी घरी एक नमुना अहवाल वाचून यायचा असतो. एखाद्या प्रकल्पानं पुरस्कारासाठी अर्ज करताना लिहावा तसा तो असतो, आणि प्रत्येकानं एकट्यानं वाचून, निकषागणिक गुण देऊन, टिपणं काढून यायचं. बहुतेक जण हे आदल्या रात्री उरकतात. मीही एसटीत उरकलं होतं. हा गाढवपणा तुम्ही करू नका, कारण पुढचे दोन्ही दिवस त्याच वाचनावर चालतात.

पहिल्या दिवशी दुपारी आम्हा पाच जणांची टीम केली आणि नेतृत्वाच्या निकषाला प्रत्येकानं घरी किती टक्के दिले ते फळ्यावर लिहायला सांगितलं. पस्तीस, पन्नास, पंचावन्न, सत्तर, ऐंशी. ऐंशी माझे. अहवाल एका पूल बांधणीचा होता, त्या प्रकल्पप्रमुखानं पुराच्या दिवसांत साइटवर मुक्काम ठोकला होता, आणि वाचताना मला माझेच दिवस आठवले होते. मला वाटलं आता सरासरी काढतील, अठ्ठावन्न, आणि पुढं जाऊ. प्रशिक्षकानं फळ्यावरचे आकडे तसेच ठेवले आणि मला विचारलं, "ऐंशी कुठल्या पानावरून?" मी म्हटलं, सगळ्या अहवालातून जाणवतं. ते म्हणाले, जाणवतं ते राहू दे, पान सांगा. मी पानं उलटत राहिलो. मुक्काम ठोकल्याचा एक परिच्छेद सोडला तर माझ्या हाती काही नव्हतं. पस्तीस देणाऱ्या बाईंकडे चार पानांचे आकडे होते. नेतृत्वाबद्दल टीमचं मत कधी विचारलंच नव्हतं, प्रमुख बदलल्यावर दुसऱ्यानं काय हाती घेतलं याची नोंद नव्हती, वगैरे. त्या दिवशी आम्ही पंचेचाळीसवर आलो, आणि तिथवर यायला दीड तास लागला.

तो दीड तास म्हणजे प्रशिक्षणाचं खरं पोट. सहमती म्हणजे मधला आकडा काढणं नव्हे. कुणाला काय दिसलं आणि ते कुठं दिसलं, हे टेबलावर मांडायचं, आणि आकडा त्या मांडणीतून आपोआप खाली बसू द्यायचा. ज्यानं ऐंशी दिले त्याला बाकीच्यांना न दिसलेलं काही दिसलं असेल, तर सगळेच वर येतात. नसेल तर तो खाली येतो. आवाज मोठा असणाऱ्याचा आकडा जिंकला की समजावं टीम लीड कच्चा आहे.

मोजपट्टी सगळ्यांची एक असावी यासाठी एवढी झटापट का, हे सांगलीकराला समजावणं सोपं आहे. कृष्णेला पाणी चढायला लागलं की आपल्याकडे "पाणी बरंच आलंय" असं कुणी म्हणत नाही. आयर्विन पुलाच्या पट्टीवर किती फूट, एवढंच विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. हरिपूरचा माणूस असो की गावभागातला, घाबरट असो की धीट, आकडा एकच वाचतो आणि मग आपापली भांडी माळ्यावर टाकतो. असेसरांची टीम आयर्विनच्या पट्टीसारखी वाचायला शिकेपर्यंत तिच्या गुणांना अर्थ नसतो.

पट्टीवरच्या खुणा साधारण अशा असतात. पहिल्या दोन भागांत प्रत्येक गोष्ट चार पायऱ्यांवर बघायची: ठरवलं होतं का, तसं केलं का, केलेलं तपासलं का, तपासल्यावर काही बदललं का. साइटवरचंच उदाहरण घ्या. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सुरक्षिततेची पाच मिनिटांची बोलणी, ज्याला सगळे टूलबॉक्स टॉक म्हणतात. पद्धत लिहिलेली आहे, ही पहिली पायरी. रोजच्या सह्यांची वही आहे, ही दुसरी. महिन्याच्या शेवटी कुणी बसून मोजलं का, की अपघात होता होता वाचल्याच्या किती घटना कुठल्या कामावर झाल्या? ही तिसरी. आणि त्या मोजणीमुळं, समजा, ट्रेंचमध्ये उतरायची शिडी बदलली किंवा रात्रपाळीचा दिवा वाढला, तर ती चौथी. मी पाहिलेल्या बहुतेक साइट दुसऱ्या पायरीवर दम टाकतात. सह्या भरपूर, मोजणी कुणाची नाही. सह्यांच्या वह्या बघून खूश होणारा असेसर ओळखायचा झाला तर तो नवा असतो, किंवा जेवायची वेळ झालेली असते.

तिसऱ्या भागात, म्हणजे निकालांत, नव्या लोकांची वेगळीच गफलत होते. काम वेळेत, बजेटात, दर्जेदार झालं की त्यांना वाटतं झालं. मॉडेल मात्र प्रत्येक गटाबद्दल दोन गोष्टी विचारतं: त्या लोकांना स्वतःला काय वाटलं, आणि त्यांच्या समाधानाचा मोजता येणारा दाखला काय. मी इथं सांगलीत दोन-चार तरुणांना सराव द्यायला बसतो तेव्हा हे शिकवायला मिरजेची पाण्याची रेल्वे घेतो. २०१६ चा एप्रिल आठवत असेल. लातूर कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यायचं ठरलं. टाकीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणल्या. कृष्णेचं पाणी स्टेशनपर्यंत आणायला घाईनं पाइपलाइन टाकली. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावली, पंचवीस लाख लिटरची. नाव जलदूत.

मी विचारतो, हा उत्कृष्ट प्रकल्प होता का? सगळे हात वर करतात. मिरजेचा मुलगा तर उभाच राहतो. मग मी विचारतो, ग्राहक कोण? रेल्वेला काम सांगणारं प्रशासन, की लातूरच्या नळावर घागर घेऊन उभी असलेली बाई? दोघांचं समाधान एकाच आकड्यात मोजता येईल का? गाडी पोचली हा निकाल, की घागर भरली हा? वाघिणी भरणाऱ्या टीमला त्या उन्हाळ्यात काय वाटलं, हे कुणी विचारून ठेवलं असेल तर ते कुठं सापडेल? आणि मिरजेकरांचं काय, ज्यांच्या नदीतून पाणी जात होतं, ते यात "बाकीचे संबंधित" आहेत की नाहीत? अर्ध्या तासात वर केलेले हात खाली आलेले असतात. प्रकल्प वाईट आहे असं कुणी म्हणत नसतं. आपल्याला बातम्यांतून आठवतं तेवढ्यावर गुण देता येत नाहीत, आणि द्यायचे तर काय काय मागावं लागेल, हे त्यांना कळलेलं असतं. तुमच्या उपसा सिंचनालाही हेच लागू. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, कुठलीही योजना घ्या. काम देणारं खातं ग्राहक खरं, पण जतच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी तुमच्या कंत्राटात कुठंच नसतो आणि मॉडेलमध्ये मात्र असतो.

याच्या बरोबर उलटी सवय लावायला मी कोयनेचं लेक टॅपिंग घेतो. १३ मार्च १९९९ ला जलाशयाच्या तळाशी खडकाचा शेवटचा पडदा उडवला आणि पाणी बोगद्यात शिरलं, आशियातला तसला पहिला प्रयोग. पाटणकडचे लोक अजून त्या क्षणाबद्दल बोलतात. असेसरला त्या क्षणात रस कमी असावा लागतो. त्याआधीच्या वर्षांत कुणी काय ठरवलं, कशाची भीती लिहून ठेवली, त्या भीतीवर काय केलं, आणि २०१२ मध्ये दुसऱ्यांदा लेक टॅपिंग करताना पहिल्याचं शिकलेलं कुठं वापरलं, हे प्रश्न त्याचे.

प्रशिक्षणानंतर लगेच तुम्हाला एखादा प्रकल्प मिळेलच असं नाही. मिळाला की क्रम असा: अर्जदाराचा अहवाल हातात येतो, प्रत्येक जण एकट्यानं वाचतो, मग टीमची पहिली बैठक, त्यातून साइटवर काय काय पडताळायचं याची यादी, मग साइट व्हिजिट, पुन्हा सहमती, शेवटचा लेखी अहवाल. पुरस्कार कुणाला द्यायचा ते ज्युरी ठरवते, आपण नाही. हे मनात पक्कं ठेवा, कारण जेवणाच्या टेबलावर प्रत्येक यजमान हळूच विचारतो, "मग सर, कसं काय वाटलं?" उत्तर एकच: जेवण छान आहे.

साइट व्हिजिटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथंच माणूस घडतो किंवा फसतो.

माझी फजिती पहिल्याच व्हिजिटला झाली. साइट राज्याबाहेरची. एका तरुण इंजिनिअरची मुलाखत माझ्याकडे होती, विषय जोखीम हाताळणी. तो सांगत होता की पायाच्या खड्ड्यात झिरप फार होती, पंप लावून लावून कंटाळलो, तीन आठवडे गेले. मी विसरलोच कुठं बसलोय ते. पेन काढलं, त्याच्या वहीत खड्ड्याचं चित्र काढलं, कडेनं वेलपॉइंट (पाणी उपसायच्या नळ्या) कुठं घालायचे, सम्प (पाणी गोळा करायचा खड्डा) कुठं घ्यायचा, पंप किती अश्वशक्तीचे, सगळं दाखवलं. पोरगं खूश. मीही खूश. चहाच्या सुट्टीत टीम लीड बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही पाऊण तास बोललात, तो पाच मिनिटं. मला त्या निकषावर काय लिहायचं ते सांगा." माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं. शिवाय मी सल्ला दिल्यामुळं, उद्या त्यांनी तसं केलं तर त्या कामात माझाही हात. त्यांनी मला पुढच्या दोन मुलाखतींना फक्त टिपणं घ्यायला बसवलं. पन्नाशीच्या माणसाला कारकुनी! पण त्या दोन मुलाखतींत मी जेवढं ऐकलं तेवढं आधीच्या वर्षभरात ऐकलं नव्हतं.

प्रश्न विचारायची एक पद्धत त्या बाईंकडून उचलली. "तुमच्याकडे बदल नियंत्रणाची पद्धत आहे का?" असं विचारलं की समोरचा "आहे" म्हणतो, विषय संपला. "शेवटचा बदल कुठला झाला? मला तो पहिल्या पत्रापासून दाखवा" असं विचारलं की कपाट उघडावं लागतं. एक्स्ट्रा आयटम, म्हणजे कंत्राटात नसलेलं जादा काम, कधी उगवला, कुणी कुणाला कळवलं, दर कधी मंजूर झाला, बिलात कधी चढला. तुम्ही आरए बिलं (चालू कामाची बिलं) केलेली आहेत, एमबी (मोजमाप वह्या) लिहिलेल्या आहेत. कागदाचा हा प्रवास वाचायला तुम्हाला वेगळं शिक्षण नको. दुसरी युक्ती म्हणजे एकच प्रश्न तीन थरांवर विचारायचा. या प्रकल्पाचं उद्दिष्ट काय, हे प्रमुखाला विचारा, प्लॅनिंग इंजिनिअरला विचारा, आणि मुकादमाला विचारा. तिघांचे शब्द वेगळे असतीलच, मतलब जुळतो का बघा. मुकादम म्हणाला "पावसाच्या आत पाणी खाली सोडायचं", तर तो भिंतीवरच्या फ्रेममधल्या व्हिजनपेक्षा मला जास्त वजनाचा वाटतो.

आणि डोळे उघडे ठेवा. एका ठिकाणी जोखीम नोंदवही दर पंधरवड्याला अद्ययावत करतो असं अहवालात होतं. वही दाखवली, सुरेख. सात महिन्यांच्या नोंदी, एकाच पेनानं, एकाच बैठकीतल्या अक्षरात, पानाला कुठं डाग नाही. सिमेंटच्या साइटवर सात महिने राहिलेली वही इतकी स्वच्छ? आम्ही काही बोललो नाही. लिहिताना एवढंच लिहिलं की नियमितपणाचा पुरावा मिळाला नाही. "वही बनावट आहे" असं लिहायचा अधिकार आपल्याला नसतो, आणि तशी गरजही नसते.

उलटही घडतं, आणि ते सांगायला मला जास्त आवडतं. त्याच साइटवर स्टोअरकीपरची मुलाखत यादीत नव्हती. पाऊस आला म्हणून आम्ही त्याच्या शेडमध्ये थांबलो. टेबलावर एक मळकी शंभरपानी. त्यात त्यानं प्रत्येक उशिरा आलेल्या मालाची तारीख, उशिराचं कारण, आणि पुढच्या वेळी ऑर्डर किती दिवस आधी टाकायची हे स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं. दीड वर्षात त्याचा अंदाज सुधारत गेलेला त्या वहीत दिसत होता. ठरवलं, केलं, तपासलं, बदललं, चारही पायऱ्या, आणि अर्जदाराच्या अहवालात या वहीचा उल्लेख सुद्धा नाही! साधनसामग्रीच्या निकषाचे गुण आम्ही त्या संध्याकाळी वर नेले. प्रकल्पप्रमुखाला शेवटपर्यंत कळलं नसेल ते का वाढले. लेखी अहवालात मात्र आम्ही ते बलस्थान म्हणून नोंदवलं, माणसाचं नाव न घेता.

लेखी अहवाल हा दुसरा मोठा डोंगर. गुण विसरले जातात, अर्जदाराच्या हातात हा कागद उरतो. त्यात बलस्थानं लिहायची आणि सुधारणेच्या जागा लिहायच्या. नवा असेसर लिहितो, "टीमवर्क अतिशय उत्तम." याचा अर्जदारानं काय करावा, लोणचं? लिहायचं असं: "कंत्राटदार, सल्लागार आणि खात्याचे अभियंते दर सोमवारी एकत्र बसतात; अनिर्णित विषयांची यादी तिथंच बंद होते; गेल्या सहा महिन्यांत पंधरवड्यापेक्षा जास्त रेंगाळलेला विषय यादीत दिसला नाही." सुधारणेच्या जागेतही उपाय लिहायचा नसतो. "त्यांनी अमुक सॉफ्टवेअर घ्यावं" हे सल्लागाराचं वाक्य. "उपकंत्राटदारांचं समाधान मोजल्याचा पुरावा मिळाला नाही" हे असेसरचं. या दोन वाक्यांतलं अंतर कळलं की निम्मं काम आलं. इंग्रजीची तुम्ही चिंता केली आहे. ती या कारणासाठी करू नका, वाक्यं छोटी आणि साधीच हवी असतात. साइटच्या पत्रव्यवहाराचं इंग्रजी पुरतं, उलट मॅनेजमेंटच्या पुस्तकांतलं इंग्रजी आडवं येतं.

आता व्यवहाराचं. मानधन नसतं हे खरं. प्रवास आणि राहणं बघितलं जातं, ते कोण बघतं हे आधी विचारून घ्या. वेळ मात्र जातो. अहवाल नीट वाचायला माझे तीन-चार रविवार जातात, व्हिजिटला दोन-तीन दिवस, शेवटच्या लिखाणाला पुन्हा काही रात्री. घरी आधी सांगा. आमच्या घरी पहिल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी अहवाल घेऊन बसलो होतो, त्यावर अजून बोलणी खातो.

गुप्तता आणि हितसंबंध या दोन्ही बाबतींत कडक राहा. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात आपण सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतो. वालचंदला एकत्र शिकलेले, किर्लोस्करवाडीच्या पंपांवर एकत्र काम केलेले, नाहीतर मेव्हण्याचे मेव्हणे. अर्जदाराशी, त्याच्या पुरवठादाराशी, अगदी त्याच्या स्पर्धकाशी तुमचा कामाचा संबंध आला असेल तर पहिल्याच दिवशी लेखी कळवा आणि बाजूला व्हा. भेटवस्तू नाही. हो, निघताना गाडीत ठेवलेलं कंदी पेढ्यांचं खोकंही नाही. मी एकदा साताऱ्याजवळच्या साइटवरून ते परत दिलं, तेव्हा यजमानांना वाईट वाटलं आणि आमच्या ड्रायव्हरला जास्त.

पदरात काय पडतं? बढती पडेल असं मानून जाऊ नका. व्हिजिटिंग कार्डावर एक ओळ वाढते, तिला फार कुणी विचारत नाही. पण माझ्या स्वतःच्या साइट बदलल्या, हे मी खात्रीनं सांगतो. पहिल्या व्हिजिटनंतर परत आलो तेव्हा आमच्या साप्ताहिक मीटिंगची मिनिट्स मी असेसर म्हणून वाचली. चाळीस बैठकांची टिपणं, आणि "कार्यवाही चालू आहे" हे शब्द जवळपास प्रत्येकात. एकाही विषयाला बंद झाल्याची तारीख नाही. आम्ही एक रकाना वाढवला, बंद केल्याची तारीख. सुरुवातीला सगळ्यांनी नाक मुरडलं. पुढच्या कामावर उपकंत्राटदारांना काम संपताना पाच प्रश्न विचारायला लागलो. त्यातून कळलं की आमचं शटरिंग दर वेळी दुपारी पोचायचं आणि त्यांची अर्धी पाळी बसून जायची. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

एक इशाराही देऊन ठेवतो. तुम्हाला वाद जिंकायला आवडत असेल, किंवा साइटवर शेवटचा शब्द तुमचाच लागत असेल, तर हे काम त्रासाचं जाईल. टीममध्ये तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आयटी प्रकल्पातून आलेली मुलगी असेल, जिनं खड्डा पाहिलेला नाही, आणि ती तुम्हाला विचारेल "हे कुठल्या पानावर आहे?" त्या वेळी राग येतो. मला आला होता. पान शोधायचं, सापडलं तर दाखवायचं, नाही सापडलं तर आकडा खाली आणायचा.

ऑफिसला होकार कळवण्याआधी एक करून बघा. तुमचं शेवटचं पंपगृहाचं काम घ्या. "टीमचं समाधान" या एकाच निकषावर एक पान लिहा, पण तुमच्या आठवणीतलं काही नको. हजेरीपत्रकं, कुणी मध्येच काम सोडलं त्याच्या नोंदी, सुट्ट्यांचे अर्ज, मीटिंगची मिनिट्स, एवढ्या कागदांतून जे निघेल तेवढंच. लिहून झालं की मला पाठवा. प्रत्येक वाक्यापुढं मी पेन्सिलनं "कुठल्या पानावर?" असं लिहून परत करीन. ज्या वाक्यांपुढं तुम्हाला पान लिहिता येईल ती किती उरतात ते मोजा, आणि मग ऑफिसला काय ते कळवा.